डबीवर जपान, आतल्या बेअरिंगचे गाव कोणते?

मृग कोरडा गेला आणि आर्द्राने मात्र धरून पाडले. खाचरांत पाणी उभे राहिले, तरवा उपटायला आला, लावणीच्या बायका सांगून ठेवलेल्या. नेमक्या त्याच सकाळी आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचा पॉवर टिलर चिखलणी करता करता खाचरातच उभा राहिला. आधी खडखड, मग घरघर, मग काहीच नाही. मिस्त्रीने रोटरीची बाजू खोलली तर बेअरिंगच्या गोळ्याच हातात आल्या. नंबर ६२०६.

गडी मोटारसायकलवर तालुक्याला गेला. दुकानदाराने काउंटरवर तीन डब्या मांडल्या. एक लोकल, एक कंपनीची, एक इम्पोर्टेड. "पावणं, ही जपान हाय बघा जपान. डोळं झाकून न्या." जपानची किंमत लोकलच्या दुप्पट. पण हंगाम तोंडावर, पुन्हा पुन्हा खोलायला नको, म्हणून याने जपान उचलले. संध्याकाळी टिलर चालू झाला. तिसऱ्या दिवशी त्याच जागेवर, तोच आवाज, तेच बेअरिंग!

डबी आणि फुटलेली कडी घेऊन तो माझ्याकडे आला. मी चष्मा लावून डबी बघितली. वर ठळक अक्षरांत 'जपान', आणि त्याच्या खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत 'टेक्नॉलॉजी'. म्हणजे जपानी टेक्नॉलॉजी. कोणी बनवले, कोणी आयात केले, कुठल्या देशातून आणले, यापैकी एक ओळ नाही. छापील किंमत नाही. आणि बेअरिंगच्या कडीवर नंबर सोडून दुसरे अक्षर नाही. "बिल कुठं आहे?" म्हटले तर खिशातून चिठ्ठी निघाली. तिच्यावर नुसता आकडा.

शेतकरी बंधूंनो, ही काही एका माणसाची गोष्ट नाही. ट्रॅक्टर, टिलर, पिकअप, मोटारसायकल आता घरोघरी झाली. त्यांचे सामान कुठल्या देशातून येते, ते कसे ठरते आणि दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ते कसे ओळखता येते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्या एका शब्दावर आपण दुप्पट पैसे मोजतो.

नाव परदेशी, कारखाना इथला

पहिला घोटाळा नावाचा. कंपनी ज्या देशातली, माल त्याच देशातला, असे आपण धरून चालतो. ते तसे नसते.

एसकेएफ ही स्वीडनची कंपनी, १९०७ साली गोथेनबर्ग शहरात निघालेली. पण तिचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चिंचवडला आहे. टिमकेन अमेरिकेची, तिची बेअरिंगे जमशेदपूरला बनतात. एनबीसी हे नाव इंग्रजी वाटते, पण कारखाना जयपूरचा. उलट एकाच परदेशी नावाची बेअरिंगे पाच देशांतल्या पाच कारखान्यांतून येऊ शकतात. एकाच्या कडीवर इटली, दुसऱ्याच्या कडीवर फ्रान्स, तिसऱ्याच्या कडीवर इंडिया. नाव एकच, डबी एकसारखी, गावे वेगळी.

टिलरचेही तेच. आपल्याकडे जुनी माणसे 'जपानी टिलर' म्हणतात. व्हीएसटीचा टिलर जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने सुरू झाला, पण तयार होतो तो कर्नाटकात. कॅमको म्हणजे केरळ सरकारची कंपनी, तिने कुबोटाचे जपानी तंत्र घेतले. दोन्हींचा वंश जपानी, जन्म इथला. ट्रॅक्टरची कुंडली काढली तर महिंद्रा १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर या धंद्यात उतरली, आणि हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीने १९७१ पासून झेटॉर काढला तो चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रावर. ज्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर एचएमटीच्या सामानाचा जुना डबा पडला असेल त्यांनी जरूर बघावे. एखाद्या भागावर 'चेकोस्लोव्हाकिया' असे उठवलेले सापडले तर तो देशच १ जानेवारी १९९३ पासून नाही. तसेच 'वेस्ट जर्मनी' लिहिलेले बेअरिंग मिळाले तर ते ऑक्टोबर १९९० च्या आधीचे. आणि आज कोणी तुम्हाला 'नवा कोरा वेस्ट जर्मनीचा माल' म्हणून विकू लागला तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

आणखी एक. ६२०६ हा नंबर म्हणजे देश नव्हे, कंपनीही नव्हे. ते माप आहे. आतले भोक ३० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ६२, जाडी १६. जगात कुठेही ६२०६ म्हटले की हेच माप. म्हणून तर कुठल्याही गावचे बेअरिंग कुठल्याही टिलरमध्ये बसते, आणि म्हणूनच फसवणूकही सोपी होते. बसते म्हणजे टिकते असे नाही.

गूळ कुठला म्हणायचा?

आता खरा प्रश्न. पोलाद एका देशाचे, कड्या दुसऱ्या देशात घासलेल्या, गोळ्या तिसरीकडून आणलेल्या, जोडणी चौथ्या ठिकाणी आणि डबीत भरले भिवंडीच्या गोदामात. मग हे बेअरिंग कुठले?

गुऱ्हाळाकडे बघा म्हणजे उलगडेल. ऊस शेतात उगवतो, तो जिथे उगवला तिथला. त्यात वाद नाही. भात, कापूस, जनावर, खाणीतला दगड, सगळ्यांचे असेच. पण सीमेपलीकडचा ऊस कोल्हापूरच्या गुऱ्हाळात आला, रस निघाला, काहिलीत आटला, वाफ्यात ओतला, तर तो गूळ कुठला? गुळव्याने जिथे उसाचा गूळ केला तिथला. कारण उसाचे रूप तिथे पालटले, नाव पालटले, उपयोग पालटला. मात्र बाहेरचा तयार गूळ आणून त्याच्यावर कोल्हापूरचा कागद गुंडाळला तर तो कोल्हापुरी होत नाही, हे पेठेतल्या हमालालाही ठाऊक आहे.

जगभरच्या कस्टम खात्यांचा नियम मुळात एवढाच आहे. जिथे मालाचे रूप खऱ्या अर्थाने पालटले तो त्याचा मूळ देश. नुसते पुसणे, निवडणे, चिठ्ठी लावणे, डबीत भरणे याने देश बदलत नाही. भांडण होते ते 'खऱ्या अर्थाने' या शब्दांवर. बेअरिंगच्या बाबतीत हे भांडण इतके वाढले की १९७८ साली युरोपीय समुदायाने त्यासाठी खास नियमच लिहिला. आतल्या आणि बाहेरच्या कडीला जिथे उष्णता देऊन कडक केले, घासले, चकचकीत केले आणि त्यानंतर जोडणी केली, तो बेअरिंगचा देश. नुसती जोडणी पुरेशी नाही.

हा नियम आपल्या लोहाराला लगेच पटेल. कुऱ्हाडीचे पाते कोणी ठोकले यापेक्षा तिला पाणी कोणी पाजले यावर तिची धार टिकते. बेअरिंगचा जीवही त्या पाणी पाजण्यात आणि घासण्यातच आहे. आमच्या शेतकऱ्याची कडी मिस्त्रीने हातोडीने टिचवली तेव्हा ती खडूसारखी तुटली. पाणी नीट पाजलेले नव्हते, असे तो म्हणाला. मला त्यातले कळत नाही, पण मिस्त्रीचा हात चाळीस वर्षे लोखंडात आहे.

कस्टमचे गणित

देश कुठला हे सरकारला कशाला हवे असते? जकातीसाठी. काही देशांशी आपले करार आहेत. आसियान म्हणजे थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया वगैरे देशांच्या गटाशी, तसेच कोरियाशी १ जानेवारी २०१० पासून, जपानशी १ ऑगस्ट २०११ पासून. तिथे बनलेल्या बऱ्याच मालावर जकात कमी किंवा माफ. साहजिकच तिसऱ्या देशाचा माल या वाटेने आत घुसवण्याचा मोह होतो. जसे एका बाजार समितीचा सेस चुकवायला माल दुसऱ्या नाक्याने काढतात, तसेच.

म्हणून आसियानच्या करारात दोन कसोट्या ठेवल्या आहेत. पहिली, मालाच्या बंदरावरच्या किमतीपैकी किमान ३५ टक्के मोल त्या गटातल्या देशांत तयार झालेले असावे. दुसरी, बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा कस्टमचा सहा आकडी नंबर आणि तयार मालाचा नंबर वेगळा असावा, म्हणजे रूप पालटल्याची खूण दिसावी.

उदाहरण घ्या. थायलंडच्या एका कारखान्याने चीनमधून कड्या आणि गोळ्या आणल्या, जोडून बॉल बेअरिंग केले. कस्टमच्या पुस्तकात बेअरिंगचे घर ८४८२. त्यात गोळ्यांचा नंबर ८४८२.९१, कड्या वगैरे भागांचा ८४८२.९९ आणि तयार बॉल बेअरिंगचा ८४८२.१०. नंबर बदलला, म्हणजे दुसरी कसोटी पार. पण शंभर रुपयांच्या बेअरिंगमध्ये चीनचा माल सत्तर रुपयांचा असेल तर थायलंडचे मोल उरले तीस. पस्तीस भरत नाहीत. सवलत नाही. चीनचा माल साठचा असेल तर उरले चाळीस, आणि तेच बेअरिंग थायलंडचे म्हणून सवलतीत आत. बघा, माल डोळ्यांना तोच दिसतो, दहा रुपयांच्या फरकाने त्याचे गाव बदलले.

यात आणखी एक गंमत आहे. आपण ज्याला सरसकट 'गाडीचे सामान' म्हणतो ते कस्टमच्या लेखी एका खात्यात नसते. गिअर बॉक्स, क्लच, ब्रेक यांचे घर ८७०८. पिस्टन आणि रिंगा इंजिनाच्या भागांत, ८४०९. टायर रबरात, ४०११. बेअरिंग ट्रॅक्टरचे असो की पिठाच्या गिरणीचे, ते ८४८२ मध्येच. म्हणून एकाच ट्रॅक्टरच्या चार भागांना चार वेगळे दर आणि चार वेगळे हिशेब लागू शकतात.

पूर्वी आयातदार परदेशातून मूळ देशाचा दाखला आणून दाखवायचा आणि काम भागायचे. दाखला खरा की खोटा हे तपासणे कस्टमच्या गळ्यात. २०२० च्या अर्थसंकल्पात कायदा बदलला आणि २१ सप्टेंबर २०२० पासून नवे नियम आले. त्यानुसार सवलत मागणाऱ्या आयातदाराने माल त्या देशाचा कसा ठरतो याची माहिती स्वतःजवळ ठेवायची, किमान पाच वर्षे जपायची आणि विचारली की द्यायची. नुसता दाखला हातात धरून 'मला काय माहीत' म्हणता येत नाही. सातबारा दाखवला तरी पीकपाणी खरे आहे का ते बघतात, तशातलेच.

टिलरवाल्यांनी आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी. १५ जुलै २०२० ला केंद्राने पॉवर टिलर आणि त्याचे इंजिन, ट्रान्समिशन, चासी, रोटाव्हेटर यांची आयात मुक्त यादीतून काढून प्रतिबंधित केली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येणार नाही असे केले. त्याआधीच्या वर्षांत चिनी टिलर गावोगाव आले होते. ते ज्यांच्याकडे आहेत त्यांचा प्रश्न देशी-विदेशीचा नाही, सामान मिळण्याचा आहे. दुकानदार जे देईल ते घ्यावे लागते, आणि नेमके तिथेच डबी न वाचता पैसे दिले जातात.

डबी वाचायची ती अशी

आता तुम्ही म्हणाल, कस्टमचे गणित घेऊन आम्ही काय करू? बरोबर आहे. बंदरावरचे कागद आपल्या हातात येत नाहीत. आपल्या हातात येते ती डबी. तिच्यासाठी कायदा वेगळा आहे, वजनमापांचा. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे डबीवर बनवणाऱ्याचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नगसंख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापलेले पाहिजे. आणि १ जानेवारी २०१८ पासून आयात मालावर देशाचे नावही पाहिजे.

पण नियमाची भाषा नीट ऐका. मूळ देश 'किंवा' बनवल्याचा देश 'किंवा' जोडणीचा देश, असे तिथे म्हटले आहे. या 'किंवा'त पुष्कळ काही मावते. म्हणून डबीवर 'असेंबल्ड इन' असे असेल तर भाग दुसरीकडचे असू शकतात हे समजून घ्यावे. 'मेड इन' आणि 'असेंबल्ड इन' ही सख्खी भावंडे नव्हेत, चुलत आहेत.

मोठ्या अक्षरांकडे बघू नका, बारीक अक्षरांकडे बघा. 'जर्मन टेक्नॉलॉजी', 'जपान क्वालिटी', 'डिझाइन्ड इन इटली' ही देशाची नोंद नव्हे, ती जाहिरात. 'मार्केटेड बाय' म्हणजे विकणारा, 'पॅक्ड बाय' म्हणजे डबीत भरणारा. यातला एकही बनवणारा नाही. आणि 'मेड इन पीआरसी' वाचून चकू नका. पीआरसी म्हणजे पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना, सरळ मराठीत चीन. चीन हा शब्द लिहायची लाज वाटते तिथे ही तीन अक्षरे येतात.

बारकोडवरून देश कळतो असे कुणीतरी मोबाईलवर पाठवते आणि सगळे खरे मानतात. सुरुवातीचे ८९० म्हणजे भारत, ६९० ते ६९९ चीन, ४५ किंवा ४९ असेल तर जपान, हे आकडे बरोबर आहेत. पण ते सांगतात काय? कंपनीने आपला बारकोड कुठल्या देशातल्या कचेरीतून घेतला, एवढेच. मुंबईच्या व्यापाऱ्याने चीनमधून बेअरिंगे आणून स्वतःच्या नावाच्या डबीत भरली तर त्यावर ८९० च येणार. आयएसआयचेही तसेच. टायरवर आयएसआय खूण असली तर माल मानकात बसतो असे समजा. परदेशी कारखान्यालाही आपले मानक ब्युरो ती खूण वापरण्याचा परवाना देते. देश टायरच्या बाजूवर वेगळा उठवलेला असतो, तो शोधा.

डबी वाचून झाली की दुकानदाराला डबी उघडायला सांगा. यात संकोच कसला? वांगी घेताना देठ बघता ना? चांगल्या कंपनीच्या बेअरिंगच्या कडीवर कंपनीचे नाव, नंबर आणि बहुधा देश कोरलेला असतो. डबीवरचा आणि कडीवरचा देश जुळला पाहिजे. कडी कोरी, अक्षरे नखाने निघणारी किंवा वेडीवाकडी, किंवा त्या जागी ग्राइंडर फिरवल्यासारखा डाग, तर ते परत द्या. बेअरिंग कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे एक मोफत ॲप आहे. काही कंपन्यांच्या डबीवरचा कोड त्यावर दाखवला की खरे-खोटे कळायला मदत होते. घरातल्या पोरांना सांगा, रील बघता बघता एवढे काम करतील. तीच पोरे हल्ली मोबाईलवरून सामान मागवतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तिथेही मालाचा मूळ देश दाखवावा लागतो. तो बघून, पान स्क्रीनशॉट करून मगच पैसे भरावेत.

सुट्या मालाचे मात्र अवघड आहे. तेलकट कागदात गुंडाळलेला गिअर, ताटातले ऑइल सील, तारेत ओवलेल्या रिंगा. पॅकबंद नाही म्हणजे पॅकबंद मालाचे नियमही नाहीत. तिथे तुमच्या हातात एकच राहते, पक्के बिल. बिलावर 'बेअरिंग १ नग' एवढे नको. कंपनी, नंबर आणि दुकानदार जो देश तोंडाने सांगतो तो लिहून मागा. 'जपान' म्हणणारा माणूस 'जपान' लिहायला किती वेळ लावतो ते बघितले तरी निम्मे कळते.

दुकानदारांची बाजूही सांगितली पाहिजे. तालुक्याचा दुकानदार हा साखळीतला शेवटचा माणूस. त्याला डबी जशी आली तशी तो विकतो, पुष्कळदा त्यालाही माहीत नसते. आमच्या या दुकानदाराने बेअरिंग बदलून दिले नाही, पण 'मलाही पुण्याहून असंच आलं' म्हणून ज्या होलसेलवाल्याचे नाव सांगितले त्याचीही डबीवर नोंद नव्हती. साखळी तिथेच तुटली.

भाऊसाहेब, तुमच्यासाठी

ग्रामपंचायतीची घंटागाडी, पाणीपुरवठ्याचा पंप, स्मशानभूमीकडे माती ओढणारा ट्रॅक्टर, यांचे सामान वरचेवर लागते. तीन कोटेशने येतात. एकात 'इम्पोर्टेड बेअरिंग' एवढेच लिहिलेले आणि दर सगळ्यात जास्त. लेखापरीक्षणात उद्या कोणी विचारले की इम्पोर्टेड म्हणजे कुठले, तर काय उत्तर देणार? श्रीलंकेतून आणले तरी ते इम्पोर्टेडच. कोटेशन मागतानाच कंपनी, नंबर, बनवल्याचा देश, आयातदाराचे नाव आणि हमीची मुदत हे पाच रकाने घाला. माल आल्यावर साठा नोंदवहीत घेण्याआधी डबीचा फोटो काढून बिलाला जोडा. त्याला ना ठराव लागतो ना खर्च.

सरकारी ऑनलाइन बाजार म्हणजे जेम पोर्टल. तिथे जून २०२० पासून विक्रेत्याला वस्तू नोंदवताना मूळ देश सांगावा लागतो. तिथून घेताना तो रकाना वाचा. केंद्राच्या खरेदीसाठी २०१७ चा मेक इन इंडिया आदेश आहे. त्यात २०२० पासून ५० टक्के किंवा जास्त देशी मोल असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात, २० ते ५० च्या मधला दुसऱ्या वर्गात, अशी प्रतवारी आहे. इथेही लक्षात घ्या, देशी मोल ५० टक्के म्हणजे उरलेले ५० बाहेरचे असू शकते. भारतीय म्हणजे नखशिखांत भारतीय असे यात म्हटलेले नाही.

गाडीचा चासी नंबर बघूनही काही कळते. मोटारसायकल, जीप, पिकअप यांचा नंबर सतरा अक्षरी असतो आणि त्याची सुरुवात भारतात इंग्रजी एम या अक्षराने होते, पुढचे अक्षर बहुधा ए पासून ई पर्यंत. जपानची गाडी जे ने, चीनची एल ने, जर्मनीची डब्ल्यू ने. पण हा नंबर गाडी बनवणाऱ्याचा. आतला पंप किंवा इंजेक्टर कुठला, ते तो सांगत नाही. अमेरिकेत १९९४ पासून नव्या मोटारीच्या काचेवर चिठ्ठी लावतात. तिच्यावर अमेरिका-कॅनडाचे भाग किती टक्के, इंजिन कुठल्या देशाचे, गिअर बॉक्स कुठल्या देशाचा, असे वेगवेगळे लिहिलेले असते. आपल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर अशी चिठ्ठी यावी असे मला फार वाटते. शोरूममध्ये ढोल-ताशा वाजवून हार घालतात, त्यापेक्षा ती उपयोगी पडेल.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. देश कळला म्हणजे प्रत कळली असे नाही. चीनमध्ये उत्तम बेअरिंगेही बनतात. जगातल्या बड्या कंपन्यांचे कारखाने तिथे आहेत. आणि आपल्याकडे बनलेले सगळेच सोने नसते, हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे. देशाची अक्षरे उठवण्याची सक्ती तरी कशी सुरू झाली? १८८७ मध्ये इंग्लंडने कायदा केला. जर्मनीच्या स्वस्त सुऱ्या-कात्र्या शेफील्डच्या नावावर खपत होत्या म्हणून परदेशी मालाने आपले गाव सांगावे, असे ठरले. 'मेड इन जर्मनी' ही तेव्हा गिऱ्हाइकाला दिलेली सावधगिरीची सूचना होती. पुढे जर्मनांनी माल इतका सुधारला की त्याच तीन शब्दांवर जास्त दाम मिळू लागला. आपल्याकडे १८८९ मध्ये तसाच कायदा आला. तेव्हा देशाचे नाव हे प्रमाणपत्र नव्हे, पत्ता आहे. माल बिघडला तर जाब कोणाला विचारायचा, याचा पत्ता. आणि पत्ता खोटा असेल तर माल चांगला निघाला तरी पैसे जास्त घेतलेले असतात.

फसवणूक झाली तर

डबीवर देश, आयातदार, किंमत यातले काही नसेल, किंवा छापील किंमत खोडून बदलली असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात द्यायची. वजनकाटे तपासायला येतात तेच हे खाते. पुष्कळांना वाटते त्यांचे काम फक्त तराजूशी. तसे नाही, डबीवरची अक्षरेही त्यांच्याच अखत्यारीत आहेत. देशाची किंवा कंपनीची खोटी खूण मारणे हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंडाची तरतूद आहे. ते प्रकरण पोलिसांकडे जाते.

पैसे परत हवे असतील तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षे. दुकानदाराचा वकील म्हणेल की टिलर धंद्याचा, हा ग्राहकच नव्हे. घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल या कायद्यात बसतो. मात्र पाच-सहा यंत्रे गडी लावून भाड्याने फिरवणाऱ्याला हे उत्तर देणे जड जाईल.

आमच्या शेतकऱ्याला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "दादा, चिठ्ठीवर तर दुकानाचं नावबी न्हाई." खरेच नव्हते. त्याने शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणाहून दुसरे ६२०६ आणले, या वेळी कडीवर 'इंडिया' कोरलेले आणि बिलासकट. तोपर्यंत लावणीच्या बायका दुसऱ्याच्या खाचरात गेल्या होत्या, त्यामुळे त्याची लावण आठ दिवस मागे पडली आणि तरवा वयात गेला. बेअरिंगच्या किमतीचे राहू द्या, हे आठ दिवस कुठल्या बिलात मांडायचे?

फुटलेले बेअरिंग आणि ती 'जपान' डबी मी त्याला फेकू दिली नाही. डबीवर पत्ता नसला तरी, डबीवर पत्ता नाही हाच वैधमापन खात्यापुढचा पुरावा आहे. पुढच्या सोमवारी बाजाराला जाताना आम्ही दोघे ती घेऊन निरीक्षकांच्या कचेरीत जाणार आहोत.